कूलरचा प्लग काढण्याआधी बिल उघडा

गल्लीतल्या काका-काकूंनो, भाऊ-वहिनींनो,

होळी झाली. माळ्यावरचे कूलर खाली उतरू लागलेत, ताट्यावाला सायकलला वाळ्याच्या आणि गवताच्या जुड्या बांधून फिरतोय, आणि पाडवा उलटला की अकोल्याचं ऊन आपल्याला ओळख दाखवेल. त्याच्या आत हे पत्रक वाचा. एरवी आम्ही पत्रक काढतो ते गणपतीच्या वर्गणीसाठी, नाहीतर नळाच्या पाण्यासाठी. या वेळी विषय विजेच्या बिलाचा आहे. तो मेपर्यंत ठेवता येत नाही, कारण मागच्या मे महिन्यात आपल्या गल्लीतलं एक माणूस बिलाच्या भीतीने जाता जाता राहिलं.

कोण, ते सगळ्यांना ठाऊक आहे. 'लिहा, पण माझं नाव नका टाकू,' असं त्यांनीच सांगितलं, म्हणून नुसतं काकू म्हणतो. वय ७२, घरात एकट्या, नवऱ्याच्या मागे मिळणारी पेन्शन. दुपारी तीनच्या सुमाराला माझी बायको पन्ह्याचा तांब्या घेऊन त्यांच्याकडे गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. काकू फरशीवर पडलेल्या, डोक्यावर पंचा. तो कधीतरी ओला केलेला असावा, तोवर पार वाळला होता. बोलत होत्या, पण शब्द एकमेकांत अडकत होते. कूलरची टाकी काठोकाठ भरलेली होती, म्हणजे लावायचा विचार होता. प्लग मात्र काढून खुंटीला टांगलेला. १०८ ला फोन केला, गाडी वेळेत आली, दोन दिवस सलाईन लागलं आणि त्या वाचल्या.

घरी आल्यावर मी विचारलं, कूलर का नव्हता लावला? तर म्हणाल्या, "शंभराच्या वर गेलं का सगळंच डबल लागते म्हणे. मंग कायले लावू?"

मी ३१ वर्षं शाळेत हिशेबाची कारकुनी केली. म्हटलं, बिलं दाखवा. देवघरामागच्या कॅरीबॅगमध्ये चार घड्या घातलेली वर्षभराची बिलं निघाली. प्रत्येकावर फक्त भरायची रक्कम पाहिलेली, बाकी कागद कोरा असल्यासारखा. त्या महिन्याचा वापर होता ९४ युनिट. साधा घरगुती कूलर २०० वॅट धरला तर पाच तासांत एक युनिट जळतं. रोज दुपारी पाच तास म्हणजे महिन्याला ३० युनिट. काकूंचा वापर ९४ वरून १२४ युनिटवर गेला असता आणि तेव्हाच्या दराने वाढ झाली असती साधारण ३६० रुपये. ३६० रुपयेही काकूंना जास्त आहेत, हे मला कळतं. पण त्यांच्या मनात होतं ते बिल दुप्पट व्हायचं, आणि ते होणारच नव्हतं.

म्हणून या पत्रकातली पहिली विनंती: बिल आलं की ते उघडा, मागून-पुढून वाचा, आणि कळलं नाही तर कुणाला तरी दाखवा. वाढलेलं बिल ही लपवायची गोष्ट समजू नका. पोराच्या परीक्षेचा निकाल लपवावा तशी आपण बिलं लपवतो. शेजाऱ्याला कळू नये, सुनेला कळू नये, जावयाला तर मुळीच कळू नये. मग प्रत्येक जण एकटाच काहीतरी ऐकीव हिशेब करतो आणि त्या हिशेबावर पंखा बंद करून बसतो.

तो १०० युनिटांचा हिशेब एकदाचा नीट सांगतो. महावितरणच्या घरगुती दरात टप्पे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. २०२४-२५ साली पहिल्या टप्प्याला युनिटमागे वीज आकार ४ रुपये ७१ पैसे होता, दुसऱ्याला १० रुपये २९ पैसे. त्यावर वहन आकार १ रुपया १७ पैसे. म्हणजे ५.८८ आणि ११.४६. नंतर दर बदलले, पुढेही बदलतील, ताजे आकडे बिलावर छापलेले असतात. पण रीत तीच आहे. रेशनची साखर आठवा. रेशनची किलोभर संपली म्हणून दुकानातून महाग किलो आणली, तर आधीच्या किलोचा भाव वाढत नाही. तसंच इथे. तुमचं १०१ वं युनिट महाग असतं, आधीची १०० स्वस्तच राहतात. त्या दराने १०० वरून १०१ वर गेल्यावर बिल वाढायचं ११ रुपये ४६ पैसे, आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क धरून १३ रुपये २९ पैसे. दुप्पट कुठेच होत नाही.

हे खरं असलं तरी दुसऱ्या टप्प्याचं युनिट पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट महाग आहे, आणि उन्हाळ्यात आपण सगळेच तिथे पोचतो, हेही खरं. म्हणून बचत करायची ती तिथली. आणि ती माणसाला उन्हात ठेवून करायची नाही.

बिल का वाढतं यावर कट्ट्यावर पुष्कळ चर्चा होते. कोळसा महागला की तो खर्च इंधन समायोजन आकार म्हणून आपल्या बिलात येतो. वापर शून्य असला तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. पारसचं वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यात, २५० मेगावॅटचे दोन संच. शेगावला दर्शनाला जाताना गाडीतून त्याची धुराडी दिसतात. धूर इथे, राख इथे, आणि दर ठरतो मुंबईत, वीज नियामक आयोगात, असं आपण चहा पिता पिता म्हणतो. पण तोच आयोग दरवाढीआधी लेखी हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो, कुणाही ग्राहकाला तिथे बोलता येतं. आपल्या गल्लीतून आजवर एक पोस्टकार्डही गेलेलं नाही. माझंही नाही.

आता बिल वाचायचं कसं. सगळ्यात आधी मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि मीटरचा फोटो पाहा. फोटोतला आकडा आणि चालू रीडिंग एकच असलं पाहिजे. मग खाली जाऊन तुमच्या मीटरवरचा आजचा आकडा पाहा. तो बिलापेक्षा थोडा पुढे असेल, मागे असेल तर काहीतरी चुकलंय. मग मीटरची स्थिती. तिथे 'लॉक' किंवा तसलं काही छापलं असेल तर रीडिंग झालेलंच नाही, सरासरीने बिल आलंय. गेल्या वर्षभराच्या वापराचा तक्ता बिलावरच असतो. या एप्रिलचा दांडा मागच्या एप्रिलच्या शेजारी ठेवून बघा. फेब्रुवारीशी तुलना करून भांडण काढू नका.

या 'लॉक'ने गल्लीच्या टोकाच्या इमारतीत काय केलं ते सांगायला हवं. जिन्याखाली जिथे मीटर आहेत त्या खोलीला कुणीतरी कुलूप घातलं, सायकली चोरीला जाऊ नयेत म्हणून. किल्ली एकाकडे आणि तो पुण्याला पोराकडे. तीन महिने सगळ्यांना सरासरीची बिलं आली, कमी आली, म्हणून सगळे खूश. चौथ्या महिन्यात कुलूप उघडलं, खरं रीडिंग झालं आणि एका घराला ६,८०० रुपयांचं बिल आलं. त्या घरच्या मुलाने रीडिंग घेणाऱ्याशी भांडण काढलं. त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता, दोष आपल्या कुलपाचा. असं साचलेलं बिल आलं की एक गोष्ट तपासायची: जितक्या महिन्यांचं रीडिंग आहे तितक्या महिन्यांचे टप्पे मोजलेत का, आणि आधी भरलेली सरासरीची रक्कम वजा झाली का. त्या घराच्या बाबतीत दोन्ही झालं होतं. ते कुणी पाहिलंच नाही.

पुढे काय झालं, तर त्या मुलाने मोबाइलवरच्या एका ॲपवरून सहा हजारांचं कर्ज घेतलं. हातात आले साडेचार हजार, फेडायची मुदत सात दिवस. आठव्या दिवसापासून त्याच्या मामाला, शाळेतल्या बाईंना, लग्न जमलेल्या बहिणीच्या सासरी फोन सुरू झाले. विजेचं बिल राहिलं बाजूला, घराची अब्रू चव्हाट्यावर आली. मंडळी, हात जोडून सांगतो, विजेच्या बिलासाठी असल्या ॲपचं कर्ज घेऊ नका. वीज तोडली जाईल या धास्तीने माणूस ते घेतो, पण कायदा तेवढा निर्दय नाही.

विद्युत कायदा २००३, कलम ५६. बिल थकलं तर वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिल चुकीचं आहे असं तुमचं म्हणणं असेल, तर मागितलेली रक्कम 'हरकत नोंदवून' भरा, किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतके पैसे भरा. वादाचा निकाल लागेपर्यंत त्या रकमेसाठी वीज तोडता येत नाही. दोन वर्षांहून जुनी थकबाकी, जी मधल्या बिलांमध्ये सतत दाखवलेली नाही, ती एकाएकी उकरून मागता येत नाही. आणि बिल बरोबरच असेल पण एकदम भरणं होत नसेल, तर कार्यालयात जाऊन हप्ते करून मागा. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मिळालेलं 'हो बघतो' संध्याकाळपर्यंत टिकत नाही. तिथे काम झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्याही वर विद्युत लोकपाल, विदर्भासाठी नागपूरला. वकील लागत नाही. अर्ज लिहायला आम्ही आहोत.

एप्रिल-मे मध्ये आणखी एक कागद येतो आणि घरोघर गोंधळ उडवतो: अतिरिक्त सुरक्षा ठेव. तुमचा वर्षभराचा वापर वाढला की दोन महिन्यांच्या सरासरी बिलाइतकी ठेव पूर्ण करायला सांगतात. ती दंड नव्हे, कुणाची चूकही नव्हे, तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलात जमा होतं. तिचेही हप्ते मागता येतात. पण ती नेमकी कधी येते? गहू भरायचे असतात, लग्नाचे आहेर असतात, जूनच्या वह्या-पुस्तकांचं मनात घोळत असतं, तेव्हा. 

वीज खातं कोण, हा खरा विषय. आमच्यातल्या वायरमन भाऊंनी मागच्या महिन्यात गल्लीतली नऊ घरं फिरून पाहिली. सगळ्यांना वाटत होतं मिक्सर, इस्त्री, फार तर टीव्ही. मिक्सर दिवसाला पाच मिनिटं चालतो, त्याला कशाला शिव्या? बहुतेक घरांत मोठा खादाड निघाला डोक्यावरचा पंखा. जुना पंखा ७५ वॅटचा, दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला २७ युनिट. असे तीन पंखे म्हणजे ८१, शंभरातले ८१ तिथेच गेले. नवा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, तेवढ्याच तासांना महिन्याला अकरा युनिट. एका पंख्यामागे सोळा युनिट वाचतात. वर दिलेल्या दराने, वीज शुल्क धरून, दुसऱ्या टप्प्यात ते महिन्याला साधारण २१५ रुपये होतात, पहिल्या टप्प्यात ११०. पंख्याची किंमत तीन हजार धरली तर दुसऱ्या टप्प्यातल्या घरात सव्वा वर्षात पैसे वसूल. जुना खोक्यासारखा, गरम होणारा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू फिरवून फारसं काही वाचत नाही, उरलेली वीज तो रेग्युलेटरच उष्णता करून टाकतो.

पण तीन हजार एकदम काढायचे कुठून? इथेच आमची मुख्य सूचना येते. गल्लीत दोन भिश्या आहेत, चांगल्या चालतात. त्यात एकीला सोन्याचे मणी घेता आले, एकीला शिलाई मशीन. आम्ही म्हणतो, यंदा एक पंख्याची भिशी काढा. बारा घरं, दर घराचे महिन्याला अडीचशे. तीन हजार जमले की एका घरी पंखा. चिठ्ठी पहिल्या महिन्यात काढायची नाही, पहिला पंखा ज्या घरात सगळ्यात म्हातारं माणूस आहे त्या घरी. पुढे चिठ्ठ्या. बसवून द्यायची मजुरी भाऊ घेणार नाहीत, हे त्यांनी स्वतःहून सांगितलंय. वर्ष संपेल तेव्हा बारा घरांत प्रत्येकी एक पंखा आणि व्याज शून्य. पहिल्या भिशीत येणाऱ्या बारापैकी सात नावं लागली आहेत. पाच जागा शिल्लक.

कूलरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण आपला उन्हाळा त्याच्यावरच निघतो. आपण खारपाणपट्ट्याच्या काठावरची माणसं. बोअरचं पाणी कूलरला घातलं की महिन्याभरात ताट्यांवर पांढरी खरपूड चढते, हवा आत येत नाही, मोटर तेवढीच वीज खाते आणि गारवा मात्र येत नाही. मग आपण तो रात्रंदिवस चालू ठेवतो. ताट्या हंगामाच्या सुरुवातीला बदला, टाकीतलं पाणी आठवड्याला पूर्ण काढून टाका. शक्य तिथे नळाचं घाला, जरी नळ कधी येईल ते आपल्या हाती नसलं तरी. कूलर खिडकीबाहेर ठेवा आणि समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. बंद खोलीत ठेवलेला कूलर नुसती ओल देतो. कूलरचा पंखा हळू फिरत असेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, तो स्वस्तात बदलून मिळतो. आणि पाणी भरताना प्लग काढायचा, हे मुलांना सांगून ठेवा. लोखंडी पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय यांनी विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं गेलीत. अर्थिंग नसलेला कूलर यंदा लावूच नका. भाऊ तपासून देतील.

ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर लागलाय त्यांच्यासाठी एक. २०२५ च्या जुलैपासून महावितरणने अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू केली. म्हणजे काकूंनी ज्या वेळेत कूलर बंद ठेवला तीच वेळ स्वस्त. तुमच्या बिलात ती सवलत दिसते का ते पाहा, नसेल तर महावितरणच्या १९१२ या नंबरवर विचारा. स्मार्ट मीटरबद्दल गल्लीत दोन तट आहेत. मी त्यात पडत नाही.

बाकीचं पटकन. सेट-टॉप बॉक्स टीव्ही बंद केला तरी चालूच असतो, दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिट. त्याचा स्विच भिंतीवर बंद करा. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावा, कागद सहज ओढून निघाला तर रबर गेलंय. फ्रिज भिंतीला चिकटवू नका. बिल मुदतीच्या पहिल्या तारखेआधी भरलं तर एक टक्का सूट मिळते, कागदी बिलाऐवजी ई-बिल घेतलं तर वर्षाला १२० रुपये. पण काकूंसारख्यांनी ई-बिल घेऊ नये असं माझं मत. जे हातात येत नाही ते वाचलं जात नाही.

विजेसोबत गॅसचंही थोडं सांगतो. सिलिंडर आला की वजन करून घ्या. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा आणि काटा तेवढा दाखवतो का बघा. वजनकाटा आणणं हे पोचवणाऱ्याचं काम आहे, तुम्ही मागितलात म्हणून त्याच्यावर अविश्वास दाखवला असं होत नाही. घरपोच आणण्याचे पैसे पावतीतच असतात. त्याला चहा जरूर पाजा, वर ठरावीक पट्टी देणं बंधनकारक नाही. अन्नपूर्णा योजनेत उज्ज्वला आणि लाडकी बहीण योजनेतल्या पात्र घरांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत, पण जोडणी बाईच्या नावावर लागते. आपल्या गल्लीत किमान सहा घरांत ती अजून सासऱ्याच्या नावावर आहे. त्यातल्या दोन घरचे सासरे आता हयात नाहीत. या आठवड्यात एजन्सीत जाऊन नाव बदलून घ्या. तूरडाळीच्या गावात राहून डाळ भिजत न घालता चार शिट्ट्या जास्त करणं हे तर आपल्याला शोभतच नाही. अर्धा तास भिजवा.

परत विजेकडे. छतावरच्या सोलरबद्दल पुष्कळ जण विचारतात. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि एक किलोवॅटपासून महिन्याला साधारण १२० युनिट मिळतात. स्वतःचं पक्कं छत आणि दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातलं बिल असेल त्याने जरूर विचार करावा, अर्ज सरकारी पोर्टलवरच करावा आणि दारात येणाऱ्या एजंटाला आगाऊ पैसे देऊ नयेत. आपल्यातल्या निम्म्यांच्या डोक्यावर टिनं आहेत आणि पाव जण भाड्याने राहतात. त्यांना हा सल्ला देणं म्हणजे जखमेवर मीठ.

भाडेकरूंवरून आठवलं. घरमालकांनो, हे तुमच्यासाठी, आणि मीही तुमच्यातलाच एक आहे. वरच्या खोलीतल्या शिकणाऱ्या पोरांकडून आपण सबमीटरवर युनिटमागे सरसकट बारा-पंधरा रुपये घेतो. आपलं बिल पहिल्या टप्प्यात असो वा दुसऱ्या, त्यांना भाव एकच. ती पोरं मग रात्री दिवा बंद करून मोबाइलच्या उजेडात अभ्यास करतात. या महिन्यापासून मी माझं मूळ बिल जिन्यात चिकटवणार आहे, आणि वापराच्या वाट्याने जे येईल तेवढंच घेणार आहे. तुम्हीही चिकटवा. न चिकटवणाऱ्याला कुणी काही म्हणणार नाही, पण दिसेल.

शेवटची आणि सगळ्यात तातडीची गोष्ट, आणि ही आजच घरात सगळ्यांना सांगा. 'तुमचं मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा' असा संदेश मोबाइलवर येतो. तो चोरांचा असतो. फोन केला की ते एखादं ॲप टाकायला सांगतात, दहा रुपये भरून बघा म्हणतात आणि खातं रिकामं करतात. महावितरण कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवरून असा संदेश पाठवत नाही, आणि वर लिहिलंय तसं, नोटिशीशिवाय एका रात्रीत वीज तोडता येत नाही. कुणी फसलंच तर लाजून गप्प बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. बँकेतून निवृत्त झालेले एक काकाही यात फसलेत, तेव्हा आपण शहाणे आहोत असं कुणी समजू नये.

यंदा दुपारी बारा ते चार या वेळेत साठीच्या पुढचं माणूस, बाळंतीण किंवा आजारी माणूस असलेल्या घरात पंखा-कूलर बंद राहणार नाही, ही जबाबदारी शेजारच्या घराने घ्यायची. बिल परवडत नसेल तर आम्हाला सांगा, कुणाला कळणार नाही. त्यासाठी डबा फिरवायचा नाही, जाहीर मदत नाही. चार घरांनी शंभर-शंभर दिले की काकूंच्या कूलरचा अख्खा मे महिना निघतो, हे वरच्या हिशेबावरून तुमच्या लक्षात आलं असेलच.

काकूंनी स्वतः या वर्षी मीटरचं रीडिंग लिहायला घेतलंय. कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोज सकाळी. परवा मला म्हणाल्या, "काल साडेतीन जळले. पाहुणे होते ना."

पाडव्याआधीच्या रविवारी सकाळी ८ ते ११ आम्ही चौघं हनुमान मंदिराच्या ओट्यावर बसणार आहोत: एक वायरमन, एक निवृत्त शिक्षिका, किराणा दुकानवाले भाऊ आणि मी. येताना मागची दोन बिलं आणा, निघण्याआधी मीटरचा फोटो काढून आणा, आणि चष्मा विसरू नका, बिलाच्या मागची अक्षरं फार बारीक आहेत. भिशीच्या पाच जागा तिथेच लिहून घेऊ. ज्यांना जिना उतरवत नाही त्यांनी शेजारच्या पोराजवळ निरोप द्या, आम्ही घरी येऊ.